मोजणीचे पैसे

तर झालं असं, की गेल्या वर्षी बाबांनी कळंबला फ्लॅट घ्यायचं ठरवलं. कळंब म्हणजे मराठवाड्यातलं नव्हे आणि यवतमाळकडचंही नव्हे. आमचं कळंब कर्जत तालुक्यातलं. नेरळला उतरायचं, स्टेशनबाहेर टमटममध्ये कोंबून घ्यायचं आणि भातखाचरांमधून धक्के खात जायचं. एका बाजूला माथेरानचा डोंगर, समोर लांबवर भीमाशंकरची रांग. तिथे माझी आत्या राहते. बाबांचं म्हणणं एवढंच होतं, की म्हातारपणी बहिणीच्या जवळ राहीन, डोंबिवलीच्या गर्दीत नाही.

आमच्या नातेवाईक मंडळींपैकी बऱ्याच जणांच्या कानावर हे प्रकरण गेलेलं आहे आणि प्रत्येकाच्या कानावर वेगळं गेलेलं आहे. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहून टाकावं. शिवाय या निमित्ताने मी जमीनमोजणीचा इतिहास एवढा वाचला आहे, की तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. तेव्हा चहा घेऊन बसा.

इमारत तीन मजल्यांची, रस्त्याच्या जरा आत. वन बीएचके, चोवीस लाख. बाबांनी टोकन म्हणून ५१,००० रुपये देऊनही टाकले होते. मग मला फोन. "कागदपत्रं तेवढी तू बघ." वकिलांनी दुय्यम निबंधक कार्यालयात तीस वर्षांचा सर्च घेतला, रिपोर्ट स्वच्छ आला. बँकेचा व्हॅल्युअर येऊन फ्लॅटच्या आतल्या भिंती टेप लावून मोजून गेला. सगळं कसं छान चाललं होतं.

माझ्या डोक्यात मात्र एक किडा वळवळत होता. माझी एक मैत्रीण इंग्लंडमध्ये आहे, तिने तिथे घर घेतलं तेव्हा स्वतःच्या पैशांनी सर्व्हेअर नेमला होता. तिथे ती अगदी रुळलेली पद्धत आहे. बँकेचा माणूस बँकेसाठी बघतो, तुमचा तुमच्यासाठी. मी विचार करायला लागले, की आपल्याकडे घेणाऱ्याच्या बाजूने जागा कोण बघतं? वकील कागद बघतो. व्हॅल्युअर किंमत बघतो. कागदावरची जमीन आणि पायाखालची जमीन एकच आहे का, हे कोण बघतं?

उत्तर असं, की कुणीच नाही. आणि का नाही, ते समजून घ्यायचं तर जरा मागे जावं लागतं.

आपल्याकडे जमीन मोजली गेली ती सरकारला सारा किती मिळणार हे ठरवण्यासाठी. नेहमीच. निजामशाहीत मलिक अंबरने बसवलेली पद्धत असो, की शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तोंनी केलेली पाहणी. सभासदाच्या बखरीत काठीचं माप दिलेलं आहे, पाच हात पाच मुठी. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर. कोकणात आणि डोंगरपट्ट्यात तर बरेचदा मोजणीच्या फंदात न पडता ठोकळ आकार ठरवून टाकायचे, त्याला हुंडाबंदी म्हणत. भात पिकेल तेवढ्या तुकड्याला एक अंदाजे आकडा, झालं.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रजांना प्रश्न पडला, की सारा नक्की किती घ्यायचा. पुण्याकडे प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने पहिला मोठा प्रयत्न केला. हा माणूस इंग्लंडात हेलीबरीच्या कॉलेजात शिकलेला, तिथे त्याला शिकवायला होता लोकसंख्येवाला माल्थस! तर खंडाचा सिद्धांत डोक्यात घेऊन प्रिंगलसाहेबांनी प्रत्येक शेताचा खर्च वजा जाता निव्वळ नफा काढायचा घाट घातला. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात मापं चुकलेली, हाताखालच्या लोकांनी चिरीमिरी घेऊन आकडे फिरवलेले, आणि सारा इतका जड, की लोक जमिनी टाकून निघून गेले. चुकीच्या मोजणीने गावं ओस पडू शकतात, याचा हा पहिला धडा.

मग आले गोल्डस्मिड आणि विंगेट. १८३५-३६ पासून इंदापूर तालुक्यात त्यांनी नव्याने सुरुवात केली. सिद्धांत बाजूला ठेवला. शेताचं क्षेत्र नीट मोजायचं, मातीची प्रत आण्यांमध्ये लावायची, (सोळा आणे म्हणजे उत्तम, त्याखाली उतरत उतरत) आणि ठरवलेला सारा तीस वर्षं बदलायचा नाही. १८४७ मध्ये डेव्हिडसनला बरोबर घेऊन त्यांनी जो संयुक्त अहवाल लिहिला, त्यावर पुढची सगळी मुंबई इलाख्याची मोजणी उभी राहिली. १८६५ मध्ये तिचा कायदा झाला, १८७९ मध्ये जमीन महसूल संहिता आली. आज आपण ज्याला "सर्व्हे नंबर" म्हणतो तो या मंडळींचा.

आमच्या भागात ही साखळी १८५० च्या दशकात पोचली. तेव्हा तालुक्याचं नाव कर्जत नव्हतं, नसरापूर होतं, आणि जिल्हा ठाणे. १८९१ मध्ये कर्जत कुलाब्यात गेलं आणि कुलाब्याचं रायगड झालं ते १९८१ मध्ये. त्याच दशकात, १८५६ मध्ये, आगगाडी नेरळ-कर्जतवरून खोपोलीपर्यंत आली. म्हणजे बघा, इंजिनाची शिट्टी आणि मोजणीची साखळी आमच्या लोकांनी साधारण एकदमच पाहिली.

ही साखळी ३३ फुटांची. तिचे सोळा भाग, प्रत्येक भाग एक आणा, म्हणजे दोन फुटांहून किंचित जास्त. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आपण आजही बिनदिक्कत "पाच गुंठे" म्हणतो ना, ती त्या लोखंडी साखळीची आठवण आहे. साखळी आणि काटकोन धरायचा शंकू, एवढ्या साहित्यावर शेताचं कच्चं रेखाचित्र काढायचं. त्याला म्हणतात टिपण. दीडशे वर्षांपूर्वीची ही टिपणं भूमी अभिलेख कार्यालयात अजून आहेत आणि त्यांची नक्कल मिळते. मला हे कळलं तेव्हा अक्षरशः अंगावर काटा आला.

कोकणपट्टीत मात्र एक घोळ होता. इथली भातखाचरं चिमुकली. एवढ्या तुकड्यांना प्रत्येकी नंबर देणं परवडेना, म्हणून अनेक मालकांची खाचरं एका सर्व्हे नंबरात घातली. शेजारची डोंगरउताराची वरकस जमीन, जिथला पालापाचोळा नि फांद्या राबासाठी जाळतात, ती ढोबळमानानेच धरली. पुढे १९०३ मध्ये हक्कनोंदीचा कायदा आला, कुणाचा किती हिस्सा हे लिहायची गरज पडली आणि मग नंबरांच्या पोटातले हिस्से मोजले गेले. म्हणून आमच्याकडे सातबारावर नंबरापुढे तिरपी रेघ मारून हिस्सा नंबर असतो. भानगडी बहुतेक त्या तिरप्या रेघेत दडलेल्या असतात.

स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनी कुळं मालक झाली, १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम आला, एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले. नावं बदलत गेली, मापं बदलली. मोजणीचा मूळ हेतू तसाच राहिला. सातबारा हा आजही महसुलाचा कागद आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली आपण रजिस्ट्रेशन करतो तेव्हा दस्ताची नोंद होते, मालकी खरी असल्याची हमी सरकार देत नाही. आणि जमिनीची सरकारी मोजणी मागायची तर सातबारावर नाव लागतं. फ्लॅट घेणाऱ्याचं नाव तिथे कुठून असणार? म्हणजे सगळी बचत ओतणारा माणूस या व्यवस्थेत मोजणीला उभाच राहू शकत नाही.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हणजे आता काय करायचं?"

मी म्हटलं, "दोन गोष्टी. बिल्डरकडे सरकारी मोजणीची 'क' प्रत मागू. आणि आपला एक खासगी सर्व्हेअर नेमू."

"पैसे?"

"बारा हजार."

बाबा एकदम गप्प. मुद्रांक शुल्काचे लाखावर रुपये भरायला ते तयार होते, रजिस्ट्रेशन फीलाही हरकत नव्हती, मॉड्युलर किचनचं कोटेशनसुद्धा आणून झालं होतं. पण "जमीन बघायला" बारा हजार? जी समोर दिसतेच आहे ती? शेवटी आईने तोंड घातलं, "अहो, टीव्ही त्याहून महाग घेतलात." तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

'क' प्रत मागितल्यावर बिल्डरने हसतमुखाने नकाशा दिला. नीट बघितला तर तो अख्ख्या सर्व्हे नंबरचा, बराच जुना. आपली इमारत ज्या हिश्शात आहे त्याची हद्द स्वतंत्रपणे कायम केलेली नव्हतीच. "सगळं मोजलेलंच आहे हो," एवढंच उत्तर.

सर्व्हेअर कसा निवडावा हे मी ठेच लागून शिकले, म्हणून तुम्हाला सांगते. पहिला बिल्डरनेच सुचवला होता, तीन हजारांत तयार. त्याला विचारलं, नक्की काय करणार? म्हणाला, कंपाऊंड मोजून क्षेत्र काढून देतो. अहो, कंपाऊंड तर बिल्डरनेच बांधलंय! भिंतीच्या आत किती जागा आहे हे कळून काय उपयोग, भिंत बरोबर जागी आहे का हा प्रश्न. दुसरा फोनवरच म्हणाला, "क्लिअर सर्टिफिकेट देतो." म्हणजे बघायच्या आधीच क्लिअर. तिसऱ्या गृहस्थांनी आधी मलाच प्रश्न विचारले. टिपणाची नक्कल काढली आहे का? हिस्सा फाळणीचा नकाशा? गुणाकार बुकाचा उतारा? नाही म्हटल्यावर म्हणाले, "ते आधी आणा, मग मी येतो. त्याशिवाय नुसतं यंत्र लावून काही कळत नाही." यांची फी बारा हजार. निम्मी आधी, निम्मी नकाशा हातात पडल्यावर, आणि निष्कर्ष काहीही निघाला तरी तेवढीच. कोर्टात चालेल तो सरकारी नकाशा, माझा फक्त तुम्हाला निर्णय घ्यायला, हेही त्यांनीच आधी सांगून टाकलं. मला माणूस पटला.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी ते आले. भात कापून झालेलं, खाचरं मोकळी, त्यामुळे बांध स्वच्छ दिसत होते. त्यांच्याकडे तिवईवरचं यंत्र आणि हातात दीडशे वर्षांपूर्वीच्या टिपणाची झेरॉक्स. सकाळभर ते इमारतीकडे फिरकलेच नाहीत. ओढ्यापलीकडे जाऊन जुने हद्दीचे दगड शोधत होते. एक निवडुंगाच्या कुंपणात सापडला, एक बांधाच्या कोपऱ्यात मातीखाली. तिसरा इमारतीच्या पार्किंगच्या काँक्रीटखाली गेला असावा, असं म्हणाले. त्या दोन दगडांवरून टिपणातली मापं जमिनीवर बसवत बसवत दुपारी आमच्या भिंतीशी पोचले.

तिथे त्यांनी दोनदा मोजलं. मग तिसऱ्यांदा.

"दोन-तीन फुटांचा फरक मी धरतच नाही," ते म्हणाले. "साखळीने मोजलेलं आहे, एखाद्या आण्याची चूक होणारच. पण इथे अकरा फूट येतंय."

अकरा फूट रुंद आणि सुमारे साठ फूट लांब. ६६० चौरस फूट. गुंठ्याच्या हिशोबात जेमतेम दहा आणे. त्यावर चार गाड्यांचं पार्किंग आणि पाण्याची टाकी उभी होती आणि ती जागा शेजारच्या हिश्शातली होती.

शेजारचा हिस्सा एका ठाकर कुटुंबाचा. घरात एक म्हाताऱ्या आजी, नातू आणि नातसून. आम्ही मोजत होतो तेव्हा आजी बांधावर बसून बघत होत्या. मी सहज विचारलं, "आजी, तुमचा बांध कुठपर्यंत होता?" त्यांनी हात लांब करून पार्किंगच्या मधोमध दाखवला. "तिथं आंबा होता. आंब्याच्या पल्याड त्यांचं. आंबा पडला, मग बांध बी गेला." अगदी शांतपणे. तक्रार नाही की काही नाही. बारा हजारांचं यंत्र जे सांगत होतं तेच आजी फुकट सांगत होत्या, फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

बिल्डरला हे सांगितलं तेव्हा तो काही चिडला वगैरे नाही. म्हणाला, "एवढं काय त्यात, आजीकडून लिहून घेऊ, दोन पैसे देऊ." आणि इथे वकीलसाहेब पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसले. जमीन महसूल अधिनियमाचं कलम ३६ आणि १९७४ मध्ये आलेलं ३६-अ. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीने घ्यायची तर शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, त्याशिवाय लिहून घेतलेल्या कागदाला किंमत नाही. हा कायदा उगाच झालेला नाही. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवून ठाकर-कातकऱ्यांच्या किती जमिनी गेल्या, हे या भागाला वेगळं सांगायला नको. माथेरानचे भाई कोतवाल शिकून वकील झाले आणि याच कर्जत-मुरबाडच्या शेतकरी-आदिवासींमध्ये काम करत राहिले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर त्यांना आणि हिराजी पाटलांना वीरमरण आलं. आमच्याकडे शाळेतल्या मुलांनाही ही नावं माहीत असतात. आणि तरीही "दोन पैसे देऊन लिहून घेऊ" हे वाक्य २०२४ मध्ये इतकं सहज तोंडातून निघतं.

आता कसोटी. आम्ही फ्लॅट घ्यायचा नाही हे ठरायला वेळ लागला नाही, बाबा स्वतःच म्हणाले. ५१,००० पैकी ४०,००० तीन महिन्यांनी परत मिळाले. खरा प्रश्न पुढचा होता. नकाशा आमच्याकडे होता, आम्ही पैसे मोजून करून घेतलेला. आजींना तो द्यायचा का?

आत्याचं मत स्पष्ट होतं. "तुम्ही डोंबिवलीला जाल निघून. मला इथे राहायचंय. त्या लोकांशी आमचे रोजचे संबंध." ती बाबांना म्हणाली, "बहिणीला भेटायला आला होतास की दगड मोजायला?" हे बाबांना फार लागलं. आणि खरं सांगायचं तर आत्याचंही चुकत नव्हतं. गावात राहणं म्हणजे काय, ते शहरातून आलेल्याने तिला शिकवायची गरज नाही. मी स्वतः कच खाल्ली, हे कबूल करते. मी म्हटलं, "बाबा, आपण सुटलो ना, मग आता राहू दे."

बाबा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एकटेच सकाळची लोकल पकडून गेले. नकाशाची आणि टिपणाची झेरॉक्स आजींच्या नातवाला दिली, त्याला बरोबर घेऊन कर्जतला भूमी अभिलेख कार्यालयात गेले आणि हद्द कायम मोजणीचा अर्ज कसा करायचा ते विचारून आले. पूर्वी मोजणीचे साधी, तातडी, अतितातडी असे प्रकार होते, डिसेंबर २०२४ पासून नियमित आणि द्रुतगती असे दोनच केलेत. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमितची फी २,००० रुपये. म्हणजे आजींना स्वतःचा बांध परत दाखवून घ्यायला दोन हजार रुपये पुरेसे होते. पण एवढी वर्षं ते दोन हजारही नव्हते, आणि असं काही मागता येतं ही माहितीही नव्हती. अर्ज नातवाच्या घरच्यांच्या नावानेच गेला. बाबांनी फीचे पैसे देऊ केले, नातवाने घेतले नाहीत. म्हणाला, "नकाशा दिलात ना काका, पुरे."

सरकारी मोजणी झाली तेव्हा आम्ही गेलो नाही, तो आमचा विषय नव्हता. लगतच्या कब्जेदारांना नोटिसा गेल्या, खुणा झाल्या, एवढं कळलं. आमच्या सर्व्हेअरचे अकरा फूट सरकारी मोजणीत साडेदहा निघाले. बिल्डरने हरकत घेतली आहे, आता निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागितली आहे. प्रकरण चालू राहील. आजींना शेवट बघायला मिळो, एवढंच वाटतं.

आत्या चार महिने बोलत नव्हती. गणपतीत आली. उकडीच्या मोदकांना हात लावायच्या आधी बाबांना म्हणाली, "त्या पोराने परवा मला भाजी आणून दिली. तुझ्या नावाने." एवढंच. मग दोन मोदक जास्तच खाल्ले.

बाबा अजून डोंबिवलीतच आहेत. कळंबला दुसरी जागा बघताहेत. परवा एका बिल्डरने त्यांना सॅम्पल फ्लॅट दाखवला, टाइल्स दाखवल्या. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हिश्शाची 'क' प्रत आहे का? आणि जुने दगड कुठे आहेत?"

त्या बारा हजारांबद्दल त्यांनी पुन्हा कधी अवाक्षर काढलेलं नाही. टीव्हीबद्दल मात्र अजून आईला ऐकवतात. असो.